गिन्नीला जागा नव्हती

माझ्या संग्रहात गिन्नीला जागा नव्हती आणि या गोष्टीचा मला भारी तोरा होता. शाळेत इतिहास शिकवायचा, रविवारी इतवारीच्या बाजारात जुनी नाणी हुडकत फिरायचं आणि कोणी गिन्नीचं नाव काढलं की त्याला झापायचं, असं माझं चाललेलं. अरे, इंग्रज राजाचं तोंड असलेली सोन्याची गिन्नी ज्याच्या-त्याच्या कपाटात पडलेली! तिच्यात भाव असतो तो सोन्याला, नाण्याला कसला? संग्रह म्हणजे काय सराफाचं दुकान आहे? एकोणीसशे साठच्या दशकाची सुरुवात होती आणि मी तिशीतला, तोंडाचा फटकळ माणूस.

इतवारीतल्या एका बोळात माझ्याच वयाचा एक सोनार बसायचा. बोलायला कमी, हात मात्र सोन्यासारखा. मोडीत जुनं नाणं आलं की वितळवायला मुशीत टाकायच्या आधी तो ते बाजूला काढायचा आणि मला निरोप धाडायचा. मी तेवढ्याच वजनाची चांदी देऊन नाणं घरी आणायचो. माझ्याकडचे भोसल्यांच्या काळातले रुपये त्याच्यामुळेच वाचले, नाहीतर कोणाच्या तरी पायात तोरड्या होऊन वाजले असते.

मग सोन्याचा कायदा आला. चौदा कॅरटच्या वर नवा दागिना घडवायचा नाही. आता चौदा कॅरटचं मंगळसूत्र कोणती बाई गळ्यात घालते हो? सोनाराकडे गिऱ्हाईक येईनासं झालं. त्यात त्याच्या बायकोला छातीचं दुखणं लागलं. थोरलं पोरगं शाळा सोडून गिरणीत गेलं, घरातलं किडूकमिडूक एकेक करून बाहेर पडलं.

एका रविवारी दुपारी तो आमच्या सदर भागातल्या घरी आला. एरवी कधी यायचा नाही. रुमालाची गाठ सोडून त्यानं टेबलावर गिन्नी ठेवली.

"बापाची हाये जी. त्यानं दुकान टाकलं तवा एका जमीनदार मालगुजारानं खूश होऊन देल्ली होती. मरताना मले सांगून गेला, कायबी मुशीत घाल, ही नको घालू."

"मग?"

"घरी राहिली तं मोडा लागन. तुमच्या डब्यात राहू द्या. पैसे नाई पाह्यजे मले. तुमच्या घरचं काही मोडत नाई, म्हून आलो."

माणूस काय मागत होता? बोटभर जागा. आणि मी शहाणा, मी भिंग काढलं! राजाचा गाल झिजलेला. वर कधीतरी गळ्यात घालायला कडी डाकलेली, तिचा डाग. मी त्याला ते दाखवलं. अशा गिन्न्या पोत्यानं पडल्यात, एक ठेवली तर उद्या सगळी इतवारी माझ्या दारात उभी राहील, संग्रहाला काही शिस्त असते, असं सगळं वर्गात शिकवावं तसं ऐकवलं. बायको चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "ठेवून घ्या ना अहो. काही खायाले मांगते का ते?" मी तिच्यावर असा खेकसलो की ती कप ठेवून आत निघून गेली.

त्यानं वाद घातला नाही. "बराबर हाये मास्तर, त्यातलं तुमाले समजते," म्हणाला, गिन्नी रुमालात बांधली आणि चहा न पिता गेला. पुढे मी लोकांना सांगत असे की घरातल्या सोन्याच्या नाण्यांचाही हिशेब मागणाऱ्या त्या कायद्याची भीती होती म्हणून नाही ठेवली. साफ खोटं. कायदा तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आला नव्हता.

दोन महिने त्याचा निरोप नाही, म्हणून मीच गेलो. दुकानाची फळी अर्धी उघडी होती. त्यानं कागदाची पुडी माझ्यापुढे सोडली. आत वाटाण्याएवढी पिवळी गोळी.

"काल मोडली," तो म्हणाला. "हिले दवाखान्यात न्या लागते."

मी चिडलो. खरंच सांगतो, मीच चिडलो! "काहून गा? तशीच विकली असती तरी कोणीही घेतली असती!"

"घेतली असती. अन् त्याच्या मुशीत घातली असती. मंग म्हटलं, आपल्या हातानं जाऊ दे. बापाले आग पोरानंच द्या लागते ना जी."

मी तिथून उठलो तो कसा घरी पोचलो, आठवत नाही. मला माझी लाज वाटली. त्याची बायको त्या हिवाळ्यात गेलीच. त्यानं दुकान बंद केलं आणि पुन्हा मला कधी निरोप पाठवला नाही.

वीसेक वर्षांनी प्रताप नगरात घर बांधून आम्ही राहायला गेलो. नाण्यांचे डबे कपाटात लावता लावता मी बायकोला म्हणालो, "त्या सोनाराच्या गिन्नीचं चुकलं वं माझं. पुन्हा आला असता ना, तर ठेवून घेतली असती."

ती डबे पुसत होती. म्हणाली, "आला होता."

"कधी?"

"तुम्ही त्याच्या दुकानात गेलते ना, त्याच्या आदल्या दिवशी. सकाळी. तुम्ही शाळेत होते. रुमाल पुढं करून म्हणे, वहिनी, तुमीच ठेवता का कुठं? मास्तरले नका सांगू."

"मग?"

"म्या हात पुढं केला होता. मंग मनात आलं, यायले समजलं तं किती बोलतीन. अन् घेतला मागं."

वीस वर्षं ही बाई एवढं पोटात ठेवून माझ्या घरात वावरली, मला भिऊन. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर तिनं घाबरून माझ्याकडे पाहिलं.