आबा काठानं येतात

परदेशातल्या आमच्या मेनूथ गावात माणसं मोजणारा एकच माणूस आहे आणि तो दरवर्षी मे महिन्यात व्हिजिटर व्हिसावर येतो. दत्तात्रय आबा. शेजारच्या अश्लेषाचे वडील, गाव सांगलीकडचं, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त. गाडी निघण्याआधी मोजतील, सुपरमार्केटातून बाहेर पडताना मोजतील. एकदा त्यांच्याकडे पुरणपोळीला आम्ही सातजण बसलो होतो, तर आबांनी आठवं ताट मांडलं. वर मलाच म्हणाले, "सरका की जरा." मी सरकलो.

घरामागेच कालवा आहे. सगळं गाव त्याच्या काठाने फिरतं. आबा मात्र मोटारींचा धूर खात रस्त्याने. मी कारण विचारलं, तेव्हा चहा घेताना त्यांनीच सांगितलं.

ईशान्येकडच्या एका नदीवर त्यांची लढाऊ बोट होती. पुढे मशीनगन, मागे इंजिन, इंजिनावर आबा, एकूण बारा माणसं. धुक्यात हाका मारायच्या नाहीत, म्हणून रीत अशी, की सगळ्यात पुढच्याने मागच्याच्या गुडघ्यावर थाप मारायची, त्याने त्याच्या मागच्याच्या. थाप आबांपर्यंत पोचली, म्हणजे सगळे चढले. मग इंजिन सुरू.

एका पहाटे काठावरून गोळ्या सुटल्या. जवान धावत आले, चढले. आबांच्या गुडघ्यावर थाप आली. त्यांनी बोट सोडली. नदीच्या मध्यावर धुकं विरळ झालं, तर समोरची जागा रिकामी. रणजितची.

"मग थाप कुणी मारली?" मी विचारलं.

"माझ्या फुडं त्योच बसायचा."

तीन दिवसांनी रणजितचा देह काठावर सापडला. त्याच्या पुढच्या जवानाने हात लांबवला असेल, असं चौकशीत लिहिलं गेलं. तो जवान शपथेवर नाही म्हणाला.

"आन् म्या बोट सोडली तवा रणजित जित्ता हुता का, ह्ये कुनीच सांगंना," आबा म्हणाले. "पस्तीस वर्सं झाली."

माझं बिस्किट चहात बुडालं ते बुडालंच.

पुढच्याच आठवड्यात त्यांच्या नातीचा, स्वानंदीचा, दहावा वाढदिवस आला. तिला कालव्यात बोटीतून फेरी हवी होती. "आजोबा, यू हॅव टु कम! इट'ल बी ग्रँड!" शत्रूला नाही म्हणणं वेगळं, नातीला वेगळं.

शनिवारी दुपारी आम्ही बोटीने शेजारच्या किल्कॉक गावाकडे निघालो. अश्लेषा, तिचा नवरा उपेंद्र, स्वानंदी, मी, आबा आणि बोटवाला डेक्लन. डेक्लनने वयाचा मान म्हणून आबांना नेमकं इंजिनाशेजारी बसवलं. आबांनी मोजलं. सहा. पुन्हा मोजलं. सहाच. डेक्लनने किल्लीला हात घातला आणि आबा एकदम स्वतःच्या गुडघ्याकडे बघायला लागले.

"थांब!"

डेक्लन थांबला. हवालदाराच्या आवाजाला भाषांतर लागत नाही. आबा काठावर उतरले. "तुमी व्हा फुडं. आमी काठानं येतो."

"आम्ही म्हणजे?" उपेंद्र म्हणाला. अश्लेषाने त्याला चिमटा काढला.

कालव्यातली बोट माणसाच्या चालीने जाते, त्यामुळे आबा आमच्या बरोबरीनेच होते. सुकी पायवाट मोकळी सोडून ते ओल्या गवतातून चालत होते. ओठ हलत होते. समोरून कुत्र्याला घेऊन एक बाई आली. वाटेत भेटेल त्याला मान हलवून जायची इथली पद्धत आहे. तिने आबांकडे बघून मान हलवली. मग त्यांच्या शेजारच्या मोकळ्या वाटेकडे बघून हलवली. कुत्रा लांबून वळसा घालून गेला. तिला सवय असेल, असं मी अजूनही सगळ्यांना सांगतो.

पहिल्या लॉकमध्ये, म्हणजे बोट वरच्या पातळीला उचलणाऱ्या दरवाजांच्या हौदात, पाणी भरेपर्यंत बोट थांबली. अश्लेषा काठावर चढली.

"आबा, कुणाशी बोलताय?"

"इचारलं त्याला. बोट सोडली तवा जित्ता हुतास का म्हनून."

"मग?"

"बोलत न्हाई. चालतोय नुसता."

लॉकचे दरवाजे उघडले. असे अजून किती, हे आबांनी डेक्लनला हातानेच विचारलं. डेक्लनने दोन बोटं दाखवली.

"हाय की येळ," आबा म्हणाले आणि चालू लागले.

अश्लेषा बोटीत परत आली नाही. तीही त्यांच्याबरोबर निघाली, वाटेच्या दुसऱ्या कडेने, गवतातूनच.