तीन बोटांची रांगोळी

खंडेनवमी आली की आमच्या चाकणच्या कंपनीत विजयश्रीचा भाव वधारायचा. एरवी ती प्रेस मशीनवरची कंत्राटी कामगार, पण मशीनच्या पूजेला रांगोळी तिचीच. मूळची लातूरकडची. रांगोळीला बसली की जेवणाची सुट्टी विसरायची आणि नंतर माझ्या डब्यातली भाकरी हक्काने संपवायची. मी तिथला कारकून. बाईने मला कधी 'खाऊ का' म्हणून विचारलं नाही.

शेजारच्या प्रेसवर गोरक्ष होता, जवळच्याच गावचा. तिला ताई म्हणायचा, दरवर्षी रंग चाळून द्यायचा. यंदा श्रावणात त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं प्रेसखाली गेली. हात आत असला की मशीन थांबवणारा सेन्सर जास्त माल निघावा म्हणून बंद ठेवला होता. मॅनेजर साहेबांनी सांगितलं आणि मी अपघातांच्या रजिस्टरात लिहिलं, 'मोटारसायकलच्या चेनमध्ये हात अडकला.' माझ्या अक्षराचं सगळे कौतुक करतात. त्या दिवशी मला त्याची लाज वाटली, तरी लिहिलं.

पूजेसाठी साहेबांनी चित्र ठरवून दिलं होतं. हाताचा पंजा आणि खाली 'सुरक्षा प्रथम'. मालकांच्या आई, सावित्रीबाई, आरतीला येणार होत्या. विजयश्रीचं कंत्राट दिवाळीला संपत होतं आणि ते वाढवणं साहेबांच्याच हातात होतं.

सकाळी तिने गोरक्षला बोलावलं. तो हात खिशातून काढेना.

"ठेव इथं," ती म्हणाली.

त्याने आपल्याच प्रेससमोरच्या फरशीवर उजवा पंजा टेकवला. तिने कडेकडेने पांढरी रेघ सोडली, जखम अजून दुखत असावी इतक्या हळू. मग आत वेलबुट्टी भरली. दोन बोटांची जागा तशीच मोकळी ठेवली. गोरक्षच्या डोळ्यांत पाणी आलं. खरं सांगायचं तर माझ्याही आलं.

साहेब आले आणि पंजा पुरा कर म्हणाले.

"दोन बोटं काढाय येळ न्हाई लागायचा, साहेब," ती म्हणाली. "पण मग ह्यो हात गोरक्षचा ऱ्हात न्हाई."

साहेब तिला कंत्राटाची आठवण करून देऊ लागले. ती रंगाचे डबे बंद करत राहिली. पूजेआधी रांगोळी पुसायचं साहेबांच्याही जिवावर आलं. तेवढ्यात सावित्रीबाई ताट घेऊन आल्या आणि रांगोळीपाशी थांबल्या. कुणाचा हात, म्हणून त्यांनी विचारलं.

"गोरक्षचा," विजयश्री म्हणाली. "ह्याच मशीनखाली गेली बोटं."

मोटारसायकलचा अपघात आहे, रजिस्टरात लिहिलंय, असं साहेब घाईने म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे बोट केलं. सावित्रीबाई माझ्याकडे वळल्या. विजयश्रीने मात्र माझ्याकडे पाहिलंच नाही. ती गोरक्षच्या हातावरची रांगोळी पदराने पुसत होती.

"खोटं लिहिलंय," मी म्हणालो. "अक्षर माझंच आहे."