पिस्टन कन्फर्म झाला

आमच्या साडूभाऊंनी आयुष्यात कुठलीही गोष्ट पिकू दिली नाही, शिजू दिली नाही आणि वाळूही दिली नाही. माझ्या मेहुणीचे हे यजमान चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. वेळेआधी माल काढतात म्हणून तिथे त्यांचं कौतुक होतं, आणि त्या कौतुकाचे चटके रावेतच्या घरात सगळ्यांना बसतात. होळीला आंबा कापतात आणि आंबट निघाला की आंब्यावर रागावतात. कुकरची शिट्टी व्हायच्या आत ती चमच्याने उचलून बघतात. घराला रंग दिला तेव्हा वाळला का हे पाहायला भिंतीला पाठ टेकली. तो शर्ट मेहुणीने पाहुण्यांना दाखवायला जपून ठेवलाय. मी एकदा म्हटलं, जरा दम धरा. तर म्हणाले, "दम धरणाऱ्याला कंपनी धरत नाही, राव."

अशा माणसाच्या घरी कंपनीच्या गेटवरचं एक गावठी पिल्लू आलं. नाव ठेवलं पिस्टन. त्याचा साडूभाऊंवर इतका जीव, की ते शिंकले तरी शेपूट हलवायचा. साडूभाऊंनी मोबाइलवर कुत्र्यांच्या अडथळा-शर्यती पाहिल्या आणि सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर लगेच प्लंबिंगच्या पाइपांचे अडथळे उभे राहिले. निगडीच्या डॉक्टरबाईंनी त्यांना नीट समजावलं. वाढत्या हाडांची टोकं अजून कच्ची असतात, ती पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष जातं. तोवर पाइप जमिनीवर ठेवून त्यावरून चालवा, बोगद्यातून पळू द्या, 'थांब' आणि 'ये' शिकवा. पण उडी नको. साडूभाऊ म्हणाले, "मॅडम, आमच्याकडे सहा महिन्यांत माणूस कन्फर्म होतो."

"माणूस होत असेल," बाई म्हणाल्या. "हाडांना तुमचा एचआर कोण समजावणार?"

पिस्टनला सहा महिने भरले त्या रविवारी साडूभाऊंनी पेढे वाटले, त्याला हार घातला आणि पाइप थेट कमरेइतका वर चढवला. पिस्टनने पाइपाकडे पाहिलं, मग साडूभाऊंकडे पाहिलं, आणि उडाला. आम्ही टाळ्या वाजवल्या. साडूभाऊंनी पुन्हा बोलावलं, तो पुन्हा उडाला. पुन्हा बोलावलं, पुन्हा उडाला. मग एकदा उतरताना केकाटला आणि पुढचा पाय उचलून उभा राहिला. शेपूट तरीही हलतच होती.

एक्स-रे पाहून डॉक्टरबाईंनी फक्त प्लास्टरचं सामान काढलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं साडूभाऊ मला नंतर म्हणाले. पाय बरा झाला, पण जरा वाकडाच जुळून आला. उडी मात्र जन्माची बंद. पाइप त्यांनी स्वतः उपटून भंगारवाल्याला दिले. त्या दिवशी कट्ट्यावर बसून म्हणाले, "त्याला नाही म्हणता येत नव्हतं, राव. मी म्हटलं म्हणून तो उडाला."

आता पिस्टन चांगला मोठा झालाय. संध्याकाळी कंपनीची बस आली की त्याला खालचा हॉर्न ऐकू येतो, आणि दार उघडताच साडूभाऊंच्या छातीवर पाय ठेवायला तो मागच्या पायांवर जोर देऊ लागतो. पण त्याआधीच साडूभाऊ उंबऱ्यातच बसकण मारतात, बुटांसकट, डब्याची पिशवी खांद्यालाच. शेजारीपाजारी लिफ्टमधून बाहेर पडून त्यांना वळसा घालून जातात. "राहू दे, बाळा," ते म्हणतात, "मीच येतो खाली."