स्थळांच्या फायली

अंबरनाथ पश्चिमेला आमच्या हॉलच्या कोपऱ्यात मी वधू-वर केंद्र चालवते. कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झाले आणि हा उद्योग मागे लावून घेतला. समोरचे काही लपवताहेत का, हे मला त्यांच्या चहाच्या पहिल्या घोटातच कळतं, असा माझा लौकिक आहे. तो मीच पसरवलाय.

मुलींचे फोटो, पत्ते, पगार, पत्रिका, सगळं माझ्या कॉम्प्युटरवर. लोक विश्वासाने देतात. त्यातलं काही भलत्याच्या हाती लागलं तर काय तोंड दाखवू, ही धास्ती मला कायम असायची.

तरीही अपडेटचं नाव काढलं की माझं डोकं फिरायचं. एकदा ते केलं आणि जुन्या फॉन्टमधल्या बायोडाटांत ‘सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’च्या जागी नुसते चौकोन दिसू लागले! मी फर्मानच काढलं, या यंत्राला कुणी हात लावायचा नाही. ‘कुणी’ म्हणजे सुनेने. ती एका कंपनीत कॉम्प्युटरच्या सुरक्षेचंच काम करते, म्हणून तर जास्त.

मागच्या महिन्यात ईमेलवर एक स्थळ आलं. मुलगा परदेशात, घर बदलापूरला शिरगावात, सोबत बायोडाटाची फाइल. मी लगेच उघडायला गेले. उघडेचना. सुरक्षेसाठी फाइल रोखल्याचा काहीतरी निरोप. मी चिडून चारदा प्रयत्न केला आणि मग सुनेवर डाफरले, ‘‘तूच काहीतरी केलंयस!’’

तिने फाइल तपासली. ‘‘आई, हा बायोडाटा नाहीये. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एक होल होतं. अशी फाइल नुसती ओपन केली तरी व्हायरस तिथून आत घुसतो आणि सगळा डेटा चोरतो.’’

मी घाबरून विचारलं, ‘‘मग घुसला?’’

‘‘नाही. ते होल बंद केलंय.’’

‘‘कुणी?’’

तिने खाली बघत कबुली दिली. दर रविवारी मी भाजीला गेले की ही गुपचूप अपडेट करायची आणि मी यायच्या आत माझा फॉन्ट जागेवर बसवून ठेवायची. दोन वर्षं! आणि मी तिलाच ऐकवत होते, बघ, अपडेटशिवाय कॉम्प्युटर कसा झकास चालतोय.

‘‘मुलाच्या मामाच्या व्याह्यापर्यंत चौकशी करता तुम्ही,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘फाइल कुणाची ते पण एकदा विचारत जा ना.’’

मला हसू आलं आणि लाजही वाटली. माझा हट्ट चालला असता तर त्या सगळ्या मुलींचे फोटो कुठे कुठे गेले असते!

त्या शनिवारी उल्हासनगरहून एक बाई लेकीचा फोटो घेऊन आल्या. ‘‘ताई, तुमच्याकडे सेफ राहील ना? हल्ली काय काय ऐकायला येतं.’’

एरवी मी छातीठोकपणे हो म्हटलं असतं. त्या दिवशी सुनेला हाक मारून बाहेर बोलावलं, शेजारी बसवलं आणि त्यांना म्हटलं, ‘‘माझ्या एकटीकडे राहिला नसता. ही आहे म्हणून राहील.’’