माळ्यावरचा बैल

मामानं बैल परस्पर देऊन टाकला, हे मायला यंदा पोळ्याच्या तोंडावर कळलं आणि आमच्या घरात रणकंदन झालं. बैल म्हणजे लाकडाचा, चाकं लावलेला. आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लेकरं असे बैल सजवून दारोदार नेतात, बाया बैलाला कुंकू लावतात आणि लेकरांच्या हातावर काहीबाही ठेवतात. मायचं माहेर केळझरकडचं. तिथला हा बैल चांगला गुडघाभर उंच. माय लहान असतानाच तिची आई गेली. तिच्या वडिलांनी, आबांनी, त्याच साली बैल माळ्यावर टाकला, आणि त्या घरात पुन्हा तान्हा पोळा झाला नाही. मागं घर पाडताना मामाला तो सापडला, तर या शहाण्यानं तो नेऊन दिला जिल्ह्यातल्याच एका संग्रहालयाला. बहिणीला विचारलंसुद्धा नाही.

"माह्या मायचा फोटो नाई का लुगडं नाई. एक बैल होता, थो बी देल्ला यानं!" माय रडली, मग मामाशी बोलणंच टाकलं. तान्ह्या पोळ्याच्या सकाळी मात्र नवं लुगडं नेसून तयार. "मले बैलापाशी ने. कुंकू लावतो अन् येतो."

"अवं, तिथं लावू देत नाहीत कुंकू."

"काऊन? बैल कोणाचा हाय?"

कप्पाळ! गेलो.

दारातच तिनं चपला काढल्या. चौकीदार म्हणाला, "आजी, चपला चालतात आत." हिचं उत्तर तयार, "तुले चालत असतीन, मले नाई चालत."

पहिली खोली जुन्या पुस्तकांची. खरं सांगते, मी तिथं बैलबिल विसरूनच गेले. हातानं लिहिलेल्या पोथ्या, शाई अजून काजळासारखी काळी, समासात लालपिवळ्या वेली. एका पानाला कसरीनं चाळणीसारखी भोकं पाडलेली. कोणीतरी मागून पातळ कागद लावून ते पान सावरलं होतं. मी एकेक अक्षर लावत वाचत होते. माय प्रत्येक काचपेटीला, बसमधून जाताना देवळाला करतात तसा, घाईघाईनं नमस्कार करत पुढं निघालेली. शेवटी माझा पदर ओढलाच तिनं. "पुस्तकं काई पळून नाई जाऊन राह्यले. बैल कुठी हाय?"

बैल आतल्या खोलीत होता, जुन्या मुखवट्यांच्या आणि रंगवलेल्या दारांच्या मधोमध, चौथऱ्यावर. समोर दोरी बांधलेली. मायनं त्याला लांबूनच ओळखलं. मी "थांब थांब" म्हणेपर्यंत बाई दोरीवरून वाकल्या, पुडी उघडली आणि बोट कुंकवात बुडवलं.

"ओ आजी! हात लावू नका!" चौकीदार असा ओरडला की मायनं बोट झटकन मागं घेतलं. झालं, माझं डोकं फिरलं. म्हाताऱ्या बाईवर असं खेकसतात का, म्हणून मी त्याला चांगलं फैलावर घेतलं. नियम त्याच्या बाजूनं होता, हे मलाही कळत होतं. पण तेव्हा कोण ऐकतं?

आवाज ऐकून तिथल्या मॅडम आल्या. माझ्या लेकीच्या वयाच्या असतील. मी त्यांच्याशीही भांडायच्या तयारीत होते, पण त्यांनी मायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "तुमच्या घरचा का हा?" मायनं सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही घड्याळ पाहिलं नाही. मग स्वतः दोरी सोडली आणि हाताला धरून मायला बैलाजवळ नेलं. "कपाळावर नको आजी. खाली चौथऱ्यावर लावा थोडं."

माय वाकली आणि तशीच थांबली. बैलाच्या कपाळावर, दोन शिंगांच्या मधल्या खाचेत, वाळून काळपट झालेलं कुंकू होतं.

"हे कोनं लावलं? तुमी लोकं पूजा करता काय?"

"नाही आजी. आला तेव्हाच होतं. धूळ आम्ही ब्रशनं काढली, कुंकू मात्र राहू दिलं. तेही या बैलाचंच आहे ना."

मायनं ती खाच जवळून न्याहाळली. मग म्हणाली, "माळ्यावर कोण चढन कुंकू लावाले? हे माह्या मायचं हाय."

मॅडमच्याही डोळ्यांत पाणी आलं. माझं तर विचारूच नका. त्या म्हणाल्या, "हात लावा आजी, हळूच." एवढं म्हणायला मन मोठं लागतं. त्या बाईचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

मायनं मात्र दोन्ही हात मागं नेले. "नाई. पुसलं जाईन."

बाहेर आल्यावर पायरीवर टेकली आणि मला मामाला फोन लावायला सांगितलं. मी म्हटलं, आता उरलेली खरडपट्टी ऐकायची. तिकडून मामा भीत भीत "हॅलो" म्हणाला.

"बरं केलं रे बावा, मले नाई देल्ला थो. माह्या घरी असता, तं दरसाली पोळ्याले धुऊन-पुसून मी त्याले नवा रंग मारला असता."