झिंगा मासोळी नाही

मुलाला नोकरी लागली, तेव्हा कोंढ्याच्या भैय्याजी निंबार्तेंनी देवाला कबूल केल्याप्रमाणे मासोळी खाणं सोडलं. माणूस शब्दाचा पक्का. फक्त बाजारात गोसीखुर्द धरणातले झिंगे दिसले की भक्तीला घाम फुटायचा.

एकदा प्राणिशास्त्र शिकणारी नात रक्षा सहज बोलून गेली, "आबाजी, झिंगा मासोळी नाहीच. त्याले पाठीचा कणाच नाही."

भैय्याजी उठले ते थेट बाजारात. पिशवी घेऊन परतले आणि दारातूनच ओरडले, "ऐकून राहिली का? मी मासोळी सोडली, झिंगे नाई!"

मंदाबाईंनी नवऱ्याकडे नाही, नातीकडे पाहिलं. "मासोळी नाई, तं हाय काय थो?"

"संधिपाद. खेकडे, विंचू, झुरळं, सगळे त्याच गटातले."

"झुरळं?" मंदाबाईंनी पिशवी उचलून कुंपणावरून शेजारच्या सीताबाईंना देऊन टाकली. "माह्या कढईत झुरळाचे भाऊबंद शिजनार नाई!"

थोड्या वेळानं शेजारून लसणाच्या फोडणीचा वास आला. भैय्याजी हळूच नातीजवळ सरकले.

"पोरी, हे शास्त्रवाले कोनाले कोन्या गटात टाकाचं, ते बदलवत रायते ना?"

"कधीकधी."

"मंग त्याइले म्हना, जरा घाई करा."