तेराचा पाढा

"तेरा सत्ते?" गुरुजींनी विचारलं.

चौथीचा वर्ग. शनिवारची सकाळची शाळा. पारगावच्या अलीकडचं आमचं गाव. चौदा मुलं रांगेत उभी. पहिल्याला आलं नाही, दुसऱ्याला आलं नाही, असं करत प्रश्न माझ्यापर्यंत आला. मी बौद्धवाड्यातला एकटाच होतो, म्हणून रांगेच्या शेवटी.

"एक्क्याण्णव," मी म्हणालो.

शाळेचा नियम असा, की ज्याला उत्तर येईल त्याने न येणाऱ्यांसमोर जायचं, डाव्या हाताने नाक धरायचं आणि उजव्या हाताने गालावर एक ठेवून द्यायची. दर शनिवारी हे चालायचं. माझं नाक कितीदा तरी धरलं गेलं होतं. त्या दिवशी पाळी माझी होती. मी पुढे झालो. रांगेत पहिला होता बागायतदाराचा मुलगा. तो मागे सरकला.

"गुरुजी, ह्याचा हात नको. आय घरात घ्यायची न्हाई मला."

पोरं हसली. गुरुजीही हसले. मग मला म्हणाले, "तू बस रे खाली. आलं ना तुला? झालं मग."

मी बसलो.

पुढच्या शनिवारी मला सोळाच्या पाढ्यातलं आलं नाही. तेव्हा त्याच मुलाने माझं नाक धरलं आणि अशी मारली, की दुपारपर्यंत कानात घुमत होतं. त्याच्या हाताला काही झालं नाही. त्याच्या आईने त्याला घरात घेतलं. म्हणजे मला मारायला हात चालत होता, माझा मात्र चालत नव्हता. आजोबांनी धम्म स्वीकारून तीस वर्षं झाली होती. गावाच्या डोक्यात अजून काहीही शिरलेलं नव्हतं.

मग मी उत्तर देणंच बंद केलं. येत असूनही गप्प राहायचो. मार सगळ्यांनाच बसायचा. खाली फक्त मला बसवलं जायचं. म्हणून मी मार निवडला. वर्षभर गालावर घेतल्या आणि तोंड उघडलं नाही. प्रगतिपुस्तकावर गुरुजींनी लिहिलं, गणित कच्चे.

आज मी पेठजवळ हायवेला विहिरीवरच्या मोटारी भरतो. जळालेली मोटार उघडायची, काळी पडलेली तार उपटायची आणि नवी तांब्याची तार वेढे मोजून भरायची. दिवसभर गुणाकारच करतो. वेढे चुकले तर मोटार आठ दिवसांत पुन्हा जळून येते. माझी आजवर आलेली नाही.

हे माझं कौतुक म्हणून सांगत नाही. पुढचा गुन्हा माझा आहे.

माझी मुलगी दहा वर्षांची. पंचवीस टक्क्यांच्या मोफत कोट्यातून तिला एका इंग्रजी शाळेत प्रवेश मिळाला होता. तीन वर्षं बरी गेली. चौथीत रोज सकाळी गणवेश घातला की तिला उलटी व्हायची. विचारलं तर काही सांगायची नाही. मी शाळेत गेलो. मुख्याध्यापिका मॅडमनी खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाल्या, तिचं आमच्या बाकीच्या मुलांशी जमत नाही, तुम्ही तिला घरीच का शिकवत नाही, हल्ली मोठमोठ्या घरांतली मुलं होमस्कूलिंग करतात. तो शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मोठमोठ्या घरांच्या रांगेत आपलं घर बसतंय, याचं मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं होतं.

मॅडमनी कोरा कागद पुढे केला. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेलो. मी स्वखुशीने माझ्या मुलीला शाळेतून काढून घेत आहे. शाळेबद्दल माझी कोणतीही तक्रार नाही. खाली सही केली. चहा संपवला.

घरी बायको एवढंच म्हणाली, "सही करताना मला इचारलं का? आता तुमीच शिकवा."

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन तास मी तिला घेऊन ओट्यावर बसायचो. मराठी वाचायची. इंग्रजी तर माझ्यापेक्षा चांगलं वाचायची. पाढ्यांशी आली की मुकी व्हायची. भिंतीवर तक्ता लावला. चिंचोके मांडून दाखवले. पाढा म्हटला तर अर्धा तास मोबाईल देईन म्हणालो. ती सहाच्या पाढ्यापुढे एक अक्षर बोलायची नाही. तक्त्याकडे बघायची नाही, माझ्याकडेही नाही. मला वाटायचं, पोरगी मठ्ठ आहे. आपल्या लेकीबद्दल मी असं म्हणत होतो. मनात नाही, तिच्या तोंडावर.

एका सकाळी तेराचा पाढा काढला. मी विचारलं, "तेरा सत्ते?" ती गप्प. पुन्हा विचारलं. गप्प. तिसऱ्यांदा विचारलं आणि माझा डावा हात तिच्या नाकावर गेला. उजव्या हाताने गालावर बसली.

हाताला कुणी सांगावं लागलं नाही. चाळीस वर्षं तो वाट बघत असावा.

ती रडली नाही. नाक लाल झालेलं, डोळ्यांत पाणी, आणि ती सुरू झाली. तेरा एके तेरा. तेरा दुणे सव्वीस. कुठेही न अडखळता एकशे तीसपर्यंत. मग म्हणाली, "मला वीसपर्यंत येतात, पप्पा. आधीपासनं."

"मग म्हणत का नव्हतीस?"

"म्हटलं तर काय होतं? शाळेत मी हात वर केला की टीचर म्हणायच्या, हात खाली घे, फी भरणाऱ्यांना आधी विचारू दे. त्यांनी तिथं बसवलं. मग तुमी घरी बसवलं."

एका दमात तिने टीचर आणि मी शेजारी आणून ठेवले. त्यात चूक काय होती? वर्गात तू हात वर करतेस का, एवढं विचारायचंही मला सुचलं नव्हतं. शाळेने तिला बाहेर काढायचं ठरवलं आणि काढायचं काम माझ्याकडून करून घेतलं. कागद त्यांचा, पेन त्यांचं, हात माझा. या कामाला माझा हात चालला.

मी तिची माफी मागितली. ती वहीच्या कडेला रेघा मारत राहिली. पुन्हा शाळेत जायचंय का, असं विचारलं. हातातली रेघ पुरी करून म्हणाली, "तुमी गप्प बसणार नसाल तर."

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून तिला घेऊन शाळेत गेलो. या वेळी खुर्ची मिळाली नाही. मॅडमनी फायलीतून माझा अर्ज काढला. "भाऊ, तुम्हीच लिहून दिलंय. बघा, किती सुंदर अक्षर आहे तुमचं."

मी म्हणालो, "अक्षर माझं आहे. वाक्यं तुमची आहेत, मॅडम."

"आवाज खाली घ्या."

मी आवाज चढवलेला नव्हता. तरी मुलीने माझ्याकडे पाहिलं. मी खाली घेतो का, ते ती बघत होती. मी तेच वाक्य पुन्हा म्हणालो, आधीपेक्षा मोठ्याने. बाहेरचे दोन पालक दारात येऊन उभे राहिले. मॅडमनी फाईल बंद केली.

तिथून घोडेगावला, पंचायत समितीच्या शिक्षण विभागात. मी नवा अर्ज लिहिला. टीचर काय म्हणायच्या, ते मुलीने सांगितलं आणि मी तिच्याच शब्दांत उतरवलं. पहिला अर्ज माझ्याकडून सांगून लिहवून घेतला, हेही लिहिलं. क्लार्क म्हणाला, साहेब मीटिंगला गेलेत, ठेवून जा. मी पोच मागितली. तो हसला. "लई घाई झाली का राव? आज जा, पुढच्या आठवड्यात या." मी हललो नाही. जेवणाची सुट्टी झाली, संपली. मुलगी भिंतीला टेकून पुस्तक वाचत होती. साडेतीनला शिक्का मारून पोच मिळाली.

तिला परत घ्यायला ते किती दिवस लावतील, माहीत नाही. लावू देत. दर सोमवारी दुकान बंद राहील आणि मी त्या टेबलासमोर असेन. तिथे झालं नाही तर पुण्याला जिल्हा परिषदेत जाईन. ज्यांच्या मोटारी अडतील त्यांना कारण सांगेन, टीचरच्या शब्दांसकट. ज्या दिवशी ती वर्गात परत बसेल, त्या दिवसापासून तिला काय विचारलं आणि काय विचारलं नाही, ते रोज संध्याकाळी मी लिहून ठेवणार आहे. तारखेसकट, नावासकट.

तिची माफी मात्र मी पुन्हा मागणार नाही. मागितली आणि तिने दिली, तर मी मोकळा होईन. मला मोकळं व्हायचं नाही.